फॉरेन्सिकला जायचंय, तर केमिस्ट्री सोडू नकोस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की तुझी मैत्रीण फॉरेन्सिकच्या बी.एस्सी.ला गेली, तिला पहिल्याच वर्षी बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग शिकवतात, आणि तू मात्र केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.त अजून ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजायची काचेची नळी, धुतेस. कोर्स बदलू का, असं विचारलंस. मी ड्युटीवर होतो, फोनवर बोलण्यासारखा विषयही नव्हता. म्हणून पत्र.

माझं मत विचारशील तर बदलू नकोस. मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. पण पोलीस ठाण्यातला मुद्देमाल माझ्याकडे असतो. सील केलेली पाकिटं, व्हिसेराच्या, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांच्या नमुन्यांच्या, बरण्या घेऊन पुण्यात गणेशखिंडीच्या सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळेत जायचं, पोच घ्यायची, आणि पुढे सी.ए. (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट आला की तो तपासाच्या कागदांना जोडायचा, हे माझं काम. इतकी वर्षं ते रिपोर्ट वाचून एक कळलंय. विष, दारू, अमली पदार्थ, जाळपोळीतलं रॉकेल, यातलं काहीही असो, शेवटी प्रश्न केमिस्ट्रीचाच येतो: हा पदार्थ कोणता, किती आहे, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता.

खुनाच्या जागी पंचनामा करताना आम्ही रक्तमिश्रित मातीची एक पुडी करतो आणि थोड्या अंतरावरच्या साध्या मातीची दुसरी. नवा शिपाई हमखास विचारतो, साधी माती कशाला? कारण त्या जमिनीत मुळातच काय आहे हे माहीत नसेल, तर डागाच्या मातीत जे सापडलं ते कुठून आलं हे सांगता येत नाही. शवविच्छेदनानंतर व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, तेव्हा त्या द्रावणाचाही वेगळा नमुना सोबत जातो. उद्या विष निघालं तर ते मिठाच्या पाण्यातून आलेलं नाही, हे दाखवता यायला हवं. तू ज्या ब्लँक टायट्रेशनला, म्हणजे नमुना न घालता केलेल्या मोजणीला, कंटाळतेस ना, ते हेच आहे. एखाद्याची जन्मठेप त्यावर टिकते किंवा सुटते.

आणि तुझं ते फिनॉल्फ्थॅलीन. तुझ्यासाठी ते आम्ल-अल्कलीचा गुलाबी रंग. त्याचंच रंगहीन, क्षपण केलेलं रूप संशयित डागावर टाकून वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडला, की हिमोग्लोबिनमुळे लगेच गुलाबी होतं. पण काही भाज्यांच्या रसातल्या एन्झाइममुळेही तसाच रंग येऊ शकतो. म्हणून एवढ्यावर 'रक्त असण्याची शक्यता' इतकंच म्हणता येतं, पुढची खात्रीची चाचणी करावी लागते. लाचेच्या सापळ्यात सीबीआय नोटांना साध्या फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावते आणि लाच घेणाऱ्याला बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावते, पूड असली की पाणी गुलाबी होतं. आपल्याकडचं लाचलुचपत खातं अँथ्रासीन वापरतं, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ते निळसर चमकतं. ते का चमकतं, हे तुझ्या सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकात आहे, बेंझिनच्या जोडलेल्या तीन कड्यांच्या धड्यात. पूड कशी लावायची हे कुणीही शिकतं. तिच्यामागचं कारण ज्याला येतं तो साक्षीत डगमगत नाही.

आता माझ्या मनाला जे खरं लागलं ते. तू सहज बोलून गेलीस की तिन्ही रीडिंग जुळावीत म्हणून सगळेच शेवटचा आकडा बदलतात. सायली, तू बदलू नकोस. 17.9, 18.0 आणि 18.3 आलं तर 18.3 च लिही, शेजारी का आलं असावं तेही लिही, आणि चौथं टायट्रेशन कर. मार्क गेले तर जाऊ देत, मी एका शब्दाने विचारणार नाही.

अमेरिकेत बोस्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲनी डूकान नावाची केमिस्ट होती. तिचं काम इतरांपेक्षा कितीतरी भराभर उरकायचं, कारण ती कित्येक नमुने न तपासताच अमली पदार्थ असल्याचं लिहीत होती. 2013 मध्ये तिने गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेली. 2017 मध्ये 21 हजारांहून जास्त खटले रद्द करावे लागले. त्यात खरे गुन्हेगार असतील आणि निरपराधही असतील. कोण कोणता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला त्याचीच चीड येते. अशी सवय नोकरीत एकदम लागत नाही, असं मला वाटतं.

कोर्टाचंही ऐक. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 खाली, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 329 खाली, सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचला जातो. पण न्यायालयाला वाटलं तर समन्स निघतं. मग बचावाचे वकील विचारतात: सील शाबूत होतं का, ते सोबत पाठवलेल्या सीलच्या नमुन्याशी पडताळलं का, कोणती चाचणी, किती नमुना वापरला, उरलेला कुठे आहे? तिथे वहीत त्या दिवशी लिहिलेलं तेवढंच कामाला येतं. 1 जुलै 2024 पासून ही नवी संहिता लागू झाली, त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं राज्यांनी टप्प्याटप्प्याने बंधनकारक करायचं आहे. म्हणजे माणसं लागणार आहेत, काम वाढणार आहे.

पुढचं असं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला फॉरेन्सिकच्या सरकारी संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यात फोंड्याला आहे. एम.एस्सी. तिथे करायचं की ॲनालिटिकल केमिस्ट्रीत, हे तिसऱ्या वर्षी ठरवू. वैज्ञानिक सहायक पदाच्या जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना स्वतः वाच, क्लासवाल्यांचं ऐकून ठरवू नकोस. आणि तुमच्या सरांना विचार की गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखायचं यंत्र, तुम्हाला हाताळायला मिळतं का. मिळत नसेल तर सुट्टीत कुठे शिकता येईल ते बघ, फी काय असेल ती मला सांग.

मेसचे पैसे सोमवारी पाठवतो. प्रॅक्टिकलला चष्मा घालत जा, आईने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुझे,
बाबा