सूचना : विद्यार्थी स्टँडचं नाव

मंडळींनो, बास्केटबॉलच्या विद्यार्थी स्टँडला काय नाव द्यायचं, यावर शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता विद्यार्थी भवनात मतदान आहे. आपल्या मंडळाकडून एकच नाव जाईल. गुरुवार रात्रीपर्यंत ठरवा. तीन दिवस नुसता कल्ला चाललाय.

'ट्वेल्फ्थ मॅन' बाद. त्याचा ट्रेडमार्क टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडे आहे आणि त्यासाठी २००६ मध्ये त्यांनी सिअ‍ॅटल सीहॉक्स या व्यावसायिक फुटबॉल संघालाही कोर्टात खेचलं होतं. मूळ गोष्ट मात्र झकास आहे. जानेवारी १९२२ च्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी झाले, तेव्हा किंग गिल हा विद्यार्थी प्रेक्षकांतून उतरला, जखमी खेळाडूचे कपडे चढवून शेवटपर्यंत मैदानाकडेला सज्ज उभा राहिला. खेळायची वेळ आलीच नाही. (आपल्याकडे बारावा गडी पाणी नेतो, ते सोडा.) आणि बास्केटबॉलला गडी पाच, तेव्हा बारावा कुठला?

प्रशिक्षकाच्या नावावरूनही नको. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थी स्टँडचं 'इझोन' चाललं, कारण टॉम इझो १९९५ पासून तिथेच मुख्य प्रशिक्षक आहेत. आपले कधी बदलतील, नेम नाही.

'मावळे' मलाही आवडलं होतं. पण शेजारच्या बाकावरच्या टेक्ससच्या पोरानं चारदा 'मावले' म्हटल्यावर नाद सोडला. ड्यूक विद्यापीठाचं 'कॅमेरॉन क्रेझीज' बघा, स्टेडियमचं नाव आलं आणि ओरडायलाही सोपं.

सुचवण्याआधी नाव एकदा मोठ्यानं ओरडून पाहा. रात्री दहानंतर नको, खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे. शुक्रवारी ओळखपत्र आणा.

– सचिव