आधी छप्पर, मग विमान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, 17 सप्टेंबरला, आपल्या चिकलठाणा विमानतळावरून ‘टेंपेस्ट’ लढाऊ विमान उडावे आणि त्यासाठी उद्योजकांनी वर्गणी काढून एखादे जुने विमान दुरुस्त करून आणावे, ही सूचना आपल्या स्तंभात वाचली. विमानाची निवड अचूक आहे. 1948च्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईसाठी पुण्याच्या तळावर टेंपेस्टच्याच तुकड्या सज्ज होत्या. पण वर्गणीतून फार तर विमान येईल. ते उडते ठेवणे हे रोजचे काम आहे आणि त्या कामाचा हिशेब सूचनेत कुठेच नाही.

मुळात टेंपेस्ट मिळणेच कठीण. आपल्या वायुसेनेच्या भंगारात पडलेली टेंपेस्ट आणि स्पिटफायर 1970च्या दशकाच्या अखेरीस परदेशी संग्राहकांनी उचलून नेली. त्यांतले एक टेंपेस्ट इंग्लंडमध्ये पुन्हा उडाले ते 2023मध्ये. आपल्याकडे दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक आहे, पण ते पाहण्यापुरते. इंग्लंडमधल्या विमानाची मधली चाळीसेक वर्षे पत्रा ठोकण्यात गेली नाहीत. पत्रा त्या मानाने लवकर नवा बसतो. खरे काम अडते ते पंखांच्या स्पारपाशी, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईपाशी. ॲल्युमिनियमच्या भोकात पोलादी बोल्ट वर्षानुवर्षे ओलीत राहिला की भोकाची कड आतून पांढरी पावडर होऊन झडते. मग भोक मोठे करा, त्या मापाचा बोल्ट बनवून घ्या, नाही जमले तर अख्खा स्पार नवा. शिवाय प्रत्येक सुट्या भागाचा कागद लागतो. कागद नसलेला बोल्ट कोरा करकरीत असला तरी भंगारच.

आता इंजिन. भारतीय टेंपेस्टचे ‘सेंटॉरस’ अठरा सिलिंडरांचे, 53 लिटरांहून मोठे. त्यात नेहमीचे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनभोवतीची नळीच वरखाली आणि थोडी गोल फिरून हवेची दारे उघडते-झाकते. असे इंजिन आज कुठेही नवे बनत नाही. अशा ताराकृती, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेल्या, इंजिनाची एक खोड चार दिवस उभे राहिले तरी दिसते: तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टन त्या तेलावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो कदाचित त्याच दिवशी नव्हे, पुढच्या उड्डाणात तुटतो. म्हणून आधी दोन्ही मॅग्नेटो (प्लगना ठिणगीची वीज देणारी यंत्रे) बंद आहेत याची खात्री करून नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायचा. क्रँकचे दोन पूर्ण फेरे झाल्याशिवाय सगळे सिलिंडर दाबाखालून जात नाहीत. मध्येच पंखा घट्ट अडला तर जोर लावायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही, कारण उलट फिरवले की तेल हवेच्या नळीत जाते आणि इंजिन सुरू होताच परत येते. खालचे स्पार्क प्लग काढा, तेल परातीत गळू द्या, मगच पुढे. अठरा सिलिंडरांना प्लग छत्तीस. आणि मॅग्नेटो ‘बंद’ दिसत असला तरी त्याची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर पंखा जिवंतच समजावा. त्याच्या कक्षेत कुणी उभे राहू नये.

सप्टेंबरात हवा सोसवेल. पण वैमानिक फक्त 17 सप्टेंबरला उडून चालत नाही, त्याचा सराव वर्षभर हवा. म्हणजे एप्रिल-मे आलेच. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर. पारा 42 अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते 5,600 फुटांवर उभे असते. धाव लांबते, चढण मंदावते. जमिनीवर रेंगाळले तर सिलिंडर तापतात, म्हणून नाक वाऱ्याकडे, गार हवेच्या झडपा पूर्ण उघड्या, आणि तपासणी झाली की लगेच निघायचे. स्पिटफायरचे याहून वाईट: चाके खाली असताना त्याचा पायच पंखाखालच्या रेडिएटरच्या वाऱ्यात येतो आणि काही मिनिटांत पाणी उकळीला लागते.

धावपट्टीवर आणखी एक फसगत आहे. सरावासाठी हाताशी येईल ते हार्वर्ड हे जुने प्रशिक्षण विमान. त्यात पॉवर दिली की नाक डावीकडे ओढते. सेंटॉरसचा पंखा उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे हे विमान उजवीकडे ओढते, आणि तेही चौपट ताकदीने. हार्वर्डवर मुरलेला पाय इथे नेमका चुकीचा पडू शकतो. शेपटीला चाक असल्याने जमिनीवर नाक वर राहते आणि समोरचे काही दिसत नाही ते वेगळेच.

इंधनाचे म्हणाल तर प्रवासी विमानांचे एटीएफ (जेट इंधन) इथे निरुपयोगी, एव्हगॅस 100 एलएल हे विमानांचे पेट्रोल लागते. साध्या वेगातही तासाला तीनशे लिटरांच्या पुढे. ते ड्रममधून आणावे लागेल. ड्रम उन्हात ठेवायचे नाहीत. रोज सकाळी टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढायचा: रंग निळसर हवा, तळाशी पाण्याचा बुडबुडा नको. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. एव्हगॅस उडून जाते. चुकून एटीएफ मिसळले असेल तर तेलकट डाग राहतो. परवाने, विमा, हवाई योग्यतेचे प्रमाणपत्र यांवर लिहीत नाही, त्याला वेगळे पत्र लागेल.

आमचे मत स्पष्ट आहे. उडते विमान हवे तर वायुसेनेच्या विंटेज ताफ्यातल्या हार्वर्ड किंवा डकोटा या जुन्या मालवाहू विमानाची फेरी मागावी. त्यांची देखभाल करणारी माणसे त्यांच्यासोबत आहेत. वर्गणी जमलीच तर ती जमिनीवरच्या विमानासाठी वापरावी. मिग-21 हे लढाऊ विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्त झाले आहे, त्यामुळे त्याच्या सांगाड्यांना आता चौकाचौकांतून मागणी येईल. असा सांगाडा चौकात खांबावर चढवू नये, आधी छप्पर बांधून त्याखाली उभा करावा. खांबासाठी गॅसने पाडलेल्या भोकातून पावसाचे पाणी आत शिरते. पोलादी स्टँड असेल तर तो आणि ॲल्युमिनियम यांच्यात रबराची जाड पट्टी हवी, नाहीतर दोन धातूंच्या संगतीने कातडी कुजते. इंजिन काढले की शेपटीकडचे टनाहून अधिक वजन जाते आणि भार नाकाच्या चाकाकडे सरकतो, म्हणून टायरवर नव्हे, जॅकच्या जागांवर टेकू द्यावा. पुढचे हवेचे तोंड आणि मागचा नळ जाळीने बंद करावा. नाकावरच्या वेगमापकाच्या नळीवर टोपी हवी. कुंभारीण माशी आठवड्यात तिथे मातीचे घर बांधते. कॉकपिटची काच पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नये, तिला केसासारख्या भेगा पडतात. आणि पोटाखालची पाणी निघायची बारीक भोके मृगाच्या आधी तारेने मोकळी करावीत. ती किती, कुठे आहेत, हे सांगाडा ताब्यात घेतानाच रंगाने खुणा करून मागून घ्यावे.

आपले,
काही निवृत्त विमान देखभाल तंत्रज्ञ,
छत्रपती संभाजीनगर