उणे वीस परवडलं, शून्य नको

भुसावळ,
15 डिसेंबर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

पापण्यांवर बर्फ धरलेला तुझा तो फोटो आईनं पाहिला आणि तेव्हापासून घरात एकच विषय आहे. "तिला सांगा, बसनं जात जा." फोनवर मी बोलायला लागलो की दोन मिनिटांत फोन तिच्या हातात जातो, म्हणून हे लिहूनच पाठवतोय. निवांत वाच.

बसनं जा असं मी काही सांगणार नाही. लोको शेडच्या सकाळच्या पाळीला निघालेली माणसं, ऑर्डनन्स फॅक्टरीचे लोक, दीपनगरच्या पॉवर हाऊसचे कामगार, ह्यांच्या सायकलींच्या पंक्चरवर आपलं घर चाललं आणि तुझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. तू ऑफिसला सायकलनं जातेस हे ऐकून मला बरंच वाटलं. पण सायकल कशी ठेवली आहेस, हे विचारल्याशिवाय मला झोप येणार नाही.

दुकानात येणाऱ्यांना सांगितलं की फिनलंडमधल्या औलूत उणे 20 मध्ये पोरगी सायकल चालवते, तर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यांचंही बरोबर आहे. इथे धुळ्याचा पारा 5-6 वर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी. तोरणमाळला, तिकडे डाबला दव गोठलं की लोक गाड्या काढून बघायला जातात. यावल-रावेरकडे केळीवाले रात्री बागेच्या कडेनं ओला पालापाचोळा पेटवून धूर करतायत, केळीला चरका बसू नये म्हणून. 10 अंशांच्या खाली केळीची वाढच थांबते. आपल्याला हिव म्हटलं की एवढंच माहीत. पण मी सगळ्यांना एकच सांगतो: हिव माणसाला लागतं, त्याला कपडे आहेत. सायकलवाल्याला पाडतं ते पाणी.

तूच मागे म्हणाली होतीस, की उणे 20 ला रस्त्यावरचा दाबला गेलेला बर्फ करकर वाजतो आणि टायर छान धरतो, पण शून्याच्या जवळ आलं की चालतानासुद्धा पाय सटकतो. मी त्यावर बराच विचार केला. बर्फाच्या अंगावर पाण्याचा एक अगदी पातळ थर कायम असतो. थंडी वाढेल तसा तो कमी होत जातो आणि बर्फ कडक होतो. शून्याजवळ तोच थर वाढतो, वरून दुपारी थोडं वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि सकाळी रस्त्याला काच लागलेली असते. डांबर ओलं दिसतं म्हणून आपण बिनधास्त जातो आणि तो असतो बर्फ. गोठणारा पाऊस झाला तर विचारूच नकोस. म्हणून तुझ्या जानेवारीची मला काळजी नाही. नोव्हेंबर आणि पुढचे मार्च-एप्रिल, ते माझ्या डोक्यात बसलेत. दिवसा पाणी, रात्री बर्फ, असे ते दिवस.

आता टायर. खिळ्यांचे टायर घातलेस म्हणालीस, छान केलंस. ते खिळे कसले आहेत बघ. साध्या पोलादाचे असतील तर उघड्या डांबरावर एका हिवाळ्यात घासून बोथट होतील. टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेले महाग पडतात, पण वर्षानुवर्षं चालतात. टायर नवे असतील तर पहिले 40-50 किलोमीटर सपाट रस्त्यावर सावकाश काढ. जोरात ब्रेक नको, झटक्यानं पॅडल नको. खिळे रबरात आपापल्या जागी बसावे लागतात, नाहीतर एकेक उडून जातो. आणि कधी एकच खिळ्यांचा टायर मिळाला तर तो पुढे घाल. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं की विचार करायच्या आधी जमिनीवर.

गंमत बघ, हिवाळ्यासाठी वेगळा टायर जगात पहिल्यांदा तिथेच, फिनलंडमध्ये, 1934 साली निघाला, ट्रकसाठी. ज्या रबर कंपनीनं तो केला ती 1967 मध्ये नोकिया नावाखाली एकत्र आलेल्या कंपन्यांतली एक. म्हणजे मी ज्या 1100 मॉडेलच्या फोनवर तुझ्या दहावीचा निकाल ऐकला, तो आणि बर्फातले टायर एकाच खानदानाचे. हे मी दुकानात सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, तरीच तो फोन पडूनही फुटायचा नाही.

हवेचं मात्र नीट ऐक, कारण हे मला पुस्तकातून नाही, इथल्या मे महिन्यानं शिकवलंय. भुसावळात 45-46 अंशांत उन्हात उभी केलेली सायकल दुपारी फटाक्यागत वाजते, म्हणून मी उन्हाळ्यात टायर कधी टम्म भरत नाही. तुझ्याकडे ह्याच्या उलट होणार. गरम घरात 20 अंशांत 45 पीएसआय भरून तू उणे 20 मध्ये बाहेर पडलीस, की थोड्या वेळात टायरमध्ये 37 च्या आसपासच राहते. हवा गेलेली नसते, आकसलेली असते. तू पंक्चर समजून ट्यूब काढत बसू नकोस. बर्फावर थोडी कमी हवा चांगलीच, टायर पसरतो आणि जास्त खिळे जमिनीला लागतात. पण टायरच्या बाजूला सर्वांत कमी आकडा छापलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नकोस, नाहीतर रिम वाजेल. गेज बाहेरच्या थंडीत लावून बघ, घरात नाही.

दुसरी गोष्ट मागच्या चाकाचं फ्रीव्हील. तू लिहिलं होतंस की एका सकाळी पॅडल मारलं तर नुसतंच फिरत राहिलं, चाक ओढेचना. मला लगेच कळलं. फ्रीव्हीलच्या आत जे कुत्रे असतात, ते बारीक स्प्रिंगवर उठून दात्यांत अडकतात. ग्रीस थंडीत डालड्यासारखं थिजलं, की ते उठतच नाहीत. पाणी आत जाऊन गोठलं तरी तेच. आणि पाणी आत कसं जातं? तू सायकल संध्याकाळी घराच्या गरम जिन्यात ठेवतेस, बर्फ वितळतो, पाणी मुरतं, आणि सकाळी अर्धी ओली सायकल बाहेर काढतेस. त्यापेक्षा ती बाहेरच्या शेडमध्येच राहू दे, थंडच्या थंड. किंवा आत आणायची तर पुरती कोरडी होईपर्यंत आत राहू दे. अर्धवट काही नको. केबलचंही तसंच, आउटरमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या नळीत, पाणी गेलं की ब्रेक गोठतो. गरम पाणी ओतायचा मोह होईल. ओतू नकोस, तेच पाणी पाच मिनिटांत पुन्हा बर्फ होईल. तिथल्या मेकॅनिककडून फ्रीव्हील उघडून जाड ग्रीस काढून घे आणि पातळ तेल घाल. पैसे सांगेल ते दे, तिथे मजुरी जास्त आहे मला माहीत आहे, पण हे काम सोडू नकोस.

चेनवर तेल बाहेरून चोपडतात तसं चोपडू नकोस. चेन पुसायची, प्रत्येक कडीत एक थेंब सोडायचा, वरचं पुन्हा पुसून घ्यायचं. औलूत बर्फ दाबून त्यावर खडी टाकतात असं तू म्हणतेस, म्हणजे मिठाचा त्रास कमी. पण हेलसिंकीला बदली झाली तर तिथे काही रस्ते झाडून मीठ मारतात, आणि मीठ चेनला एका आठवड्यात तांबेरा आणतं.

चालवायचं कसं हे मी तुला सांगावं का? लहानपणी तापीच्या पुलावर पावसात एका हातानं सायकल चालवणारी तू. तरीपण. वळताना सायकल कलती करू नकोस, वेग आधीच सरळ रस्त्यावर कमी कर आणि वळणात ब्रेकला हात लावू नकोस. बर्फावर मागचा ब्रेक आधी, पुढचा अगदी हलक्या बोटानं. सीट एक इंच खाली घे, दोन्ही पाय पटकन टेकले पाहिजेत. रुबाब जातो, जाऊ दे.

दिव्यांचं तुला सांगायला नको. डिसेंबरात तिथे साडेतीन-चार तासांचाच दिवस, म्हणजे जाताना अंधार आणि येतानाही अंधार. फक्त एवढंच, की थंडीत बॅटरी लवकर उतरते. ऑफिसात दिवे काढून टेबलावर ठेवत जा आणि एक सुटा दिवा पिशवीत ठेव.

कपड्यांवर आईनं वेगळं पत्र लिहायचं ठरवलंय, त्यात मी पडत नाही. उणे 15 मध्ये ताशी 20 नं गेलीस तर अंगाला उणे 24 वाटतं, एवढा हिशोब मी केला आणि तिला दाखवायला नको होता. तीन स्वेटर घाल असं ती म्हणेल. ऐकल्यासारखं कर आणि घालू नकोस. निघताना जरासं गारठल्यागत वाटलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या किलोमीटरला घाम येतो आणि सिग्नलला थांबलीस की तोच घाम अंगावर गार पडतो. हात आणि कान मात्र पक्के झाक. हँडलवर चढवायची कव्हरं मिळत असतील तर घे, बोटं आखडली तर ब्रेक कसा दाबणार?

मला खरी असूया कशाची वाटते सांगू? तुझ्या गावात 900 किलोमीटरच्या वर सायकलींचे रस्ते आहेत, आणि बर्फ पडला की मुख्य सायकलरस्ते पहाटेच साफ करतात, लोक बाहेर पडायच्या आत. बर्फात सायकल चालवणाऱ्यांची जागतिक परिषद पहिल्यांदा 2013 मध्ये औलूतच भरली. आमच्याकडे ना बर्फ ना वारा, बारा महिने सायकलीचं हवामान, दोन महिने दुपार सोडली तर. तरी सायकलवाल्याला रस्त्याची कडा मिळते, ती पण खड्डे चुकवून आणि ट्रकच्या आरशाला वाचवून. आता लोको शेडच्या गेटवर सायकली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या. माझ्या दुकानात मोठ्या माणसांच्या सायकलींपेक्षा पोरांच्या गिअरवाल्याच जास्त येतात. असो. हा विषय काढला की मी लांबतो.

एक अट घालतो, आणि ती बाप म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून. सकाळी खिडकीतून बघशील तेव्हा रस्ता चकाकत असेल, पारा शून्याच्या आसपास असेल आणि रात्री पाऊस भुरभुरला असेल, तर त्या दिवशी बस. कोणाला सांगायचं कारण नाही, ऑफिसातल्या त्या म्हाताऱ्या बाईलाही नाही, जी सत्तरीत सायकल चालवते म्हणून तू तिच्याशी शर्यत लावतेस. ती तिथे जन्मलीय, तिच्या पायांना ते कळतं. तुझ्या पायांना अजून चार-पाच हिवाळे लागतील.

आईनं बिबड्या, कळण्याचं पीठ आणि ठेच्यासाठी वाळलेल्या मिरच्या असं पार्सल बांधलंय. बामणोदची वांगी पाठवता येत नाहीत म्हणून ती हळहळते. भाजलेल्या वांग्याचा वास तिथल्या फायर अलार्मला चालतो का, हे कळव, ती रोज विचारते.

आणि पॅडल मारताना खालून कट् कट् आवाज येतो म्हणालीस, तो उजवा पाय खाली जाताना येतो की दोन्ही पायांना? सायकल उलटी करून, चेन काढून, क्रँक हातानं फिरव आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठव. क्रँकच्या बेअरिंगचा कप ढिला असेल तर मी ऐकूनच सांगतो. बेअरिंगचा दाणा गेला असेल तर तिथल्या माणसाकडे नेण्याआधी मला विचार, तो पूर्ण सेट बदलायला सांगेल.

तुझे,
पप्पा