पाऊल पाहणाऱ्या पंचांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हाती देता आले असते. परंतु दांडिया बाजारातल्या तुमच्या ओट्यावर बसून मी आभाराचा शब्द काढला, की तुम्ही लगेच चहाचे विचारता, असा बारा वर्षांचा अनुभव आहे. म्हणून चारचौघांसमोरच लिहितो.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या क्रिकेट मोसमात तुम्ही पंच म्हणून माझ्या टोकाला उभे राहत होतात. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि जोरात धावत येऊन प्रत्येक स्पेलमध्ये (सलग टाकलेल्या षटकांत) पाय रेषेपुढे पडून दोन-तीन नो-बॉल टाकत होतो. एका सामन्यानंतर तुम्ही बाजूला बोलावलेत, तेव्हा रेषेवरून बोलणी बसणार असे मी धरून चाललो होतो. तुम्ही एवढेच विचारलेत, "कंबर डाव्या बाजूला दुखते का?" ते दुखणे मी आईलाही सांगितले नव्हते.

मागचा पाय क्रीजच्या रेषेला समांतर, म्हणजे कंबर बाजूला वळलेली, आणि खांदे मात्र फलंदाजाकडे उघडलेले. अशा पिळलेल्या शरीराचा सारा भार पुढच्या पायावर आदळला, की उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या मणक्याची डावी बाजू हळूहळू चिरते, हे तुम्ही ओल्या मातीत बोटाने रेघा काढून समजावलेत. एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, आणि मला हायसे वाटले; एमआरआयचा आग्रह तुम्ही धरलात, आणि स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, निघाले. तो आग्रह नसता तर मी पुढच्याच रविवारी चेंडू हातात घेतला असता.

विश्रांतीच्या महिन्यांत तुम्ही मला झहीर खान सांगितलात. श्रीरामपूरचा हा डावखुरा गोलंदाज बडोद्याकडून खेळायला आला आणि 2001 च्या रणजी अंतिम सामन्यात रेल्वेच्या दुसऱ्या डावात त्याने 43 धावांत 5 बळी घेतले, तेव्हा बडोदा 21 धावांनी जिंकले. ही गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो. तुम्ही मात्र 2006 वर अडून बसलात. भारतीय संघाबाहेर पडल्यावर तो इंग्लंडमधल्या वूस्टरशायर काउंटी संघाकडे गेला, रनअप (चेंडू टाकण्याआधीची धाव) कमी केला, आठवड्यामागून आठवडे षटके टाकली आणि त्या मोसमात प्रथम श्रेणीचे 78 बळी घेतले. पुढच्या वर्षी इंग्लंडविरुद्ध ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत 9 बळी, आणि 2011 च्या विश्वचषकात 21. "त्याने पावले कमी केली, तुला कसली लाज वाटते?" हा तुमचा प्रश्न मला तेव्हा झोंबला होता, हे आज कबूल करतो.

पुढे माझ्या रनअपची सहा पावले कमी झाली. रोज टाकलेल्या चेंडूंचा हिशेब तुम्ही दिलेल्या वहीत लिहू लागलो. आकडा वाढला की तुम्ही तांबड्या शाईने गोल करत होतात. (ती वही अजून माझ्याकडेच आहे, मागू नये.) रणजीपर्यंत मी पोहोचलो नाही, त्याला माझा इनस्विंग (हवेत आत वळणारा चेंडू) कारणीभूत, पाठ नव्हे. परंतु गोलंदाजीच्या जोरावर नोकरी मिळाली, आणि एकतिसाव्या वर्षीही नवा चेंडू माझ्याच हाती दिला जातो.

गेल्या रविवारी अकरा षटके टाकली. एक नो-बॉल पडला होता. नव्या पंचांना दिसला नाही. तुम्ही असता तर हात आडवा झाला असता.

आपला,
उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज,
वडोदरा