त्या गाडीवर निशाण होतं : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय डॉ. एस. जयशंकर साहेब,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सादर नमस्कार.

मी सोलापूरची, निवृत्त परिचारिका. तीस वर्षांच्या नोकरीतली निम्मी वर्षं नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात गेली. परराष्ट्र धोरणातलं मला फारसं कळत नाही, पण दवाखान्यातली वीज गेली की काय होतं ते पक्कं ठाऊक आहे, आणि तिथूनच सुरुवात करते.

एका पावसाळी रात्री आमच्याकडे लाइट गेली आणि जनरेटर सुरूच होईना. व्हेंटिलेटरवर अकराशे ग्रॅमचं बाळ होतं. मी व्हेंटिलेटरची नळी काढून अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडली आणि हाताने श्वास द्यायला लागले. मावशींनी मोबाइलचा उजेड धरला होता. दुसऱ्या सिस्टरने वॉर्मरवरची दोन बाळं उचलून त्यांच्या आयांच्या छातीशी, पदराखाली दिली. चाळीस मिनिटं. बोटं बधिर झाली तरी लय चुकू द्यायची नव्हती. जोर जास्त झाला तर एवढंसं फुप्फुस फाटतं, कमी पडला तर बाळ निळं पडतं. लाइट येणार हे तेव्हा आम्हाला माहीत होतं. बाहेर फक्त पाऊस होता.

इस्रायल-हमास युद्धात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, गाझातल्या अल-शिफा रुग्णालयाचं इंधन संपलं. पेटीतून बाहेर काढलेली, अपुऱ्या दिवसांची बाळं एकाच पलंगावर ओळीने ठेवलेली होती. तो फोटो आपणही पाहिला असेल. मी त्यात बाळांच्या अंगाचा रंग बघत होते. सवयच ती. काही बाळं दगावली. उरलेल्या ३१ जणांना जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रेसेंटच्या (रेड क्रॉसच्याच परिवारातली तिथली संस्था) लोकांनी १९ नोव्हेंबरला तिथून हलवलं. त्यांच्या उशाशी ज्या सिस्टर्स उभ्या होत्या, त्यांच्या बाहेर पाऊस नव्हता.

साहेब, पत्र लिहायचं मुख्य कारण आपल्याच माणसाचं आहे. १३ मे २०२४ रोजी गाझातल्याच राफाहून खान युनिसच्या युरोपियन रुग्णालयाकडे निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा झाला आणि कर्नल वैभव काळे गेले. भारतीय सैन्यातून निवृत्त होऊन ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात नुकतेच रुजू झाले होते. गाडीवर संयुक्त राष्ट्रांचं निशाण होतं. पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. चौकशीबाबत संबंधितांच्या संपर्कात आहोत, असं आपल्या मंत्रालयाने तेव्हा सांगितलं होतं. त्या चौकशीत काय निष्पन्न झालं, जबाबदारी कोणावर आली, हे आपण संसदेच्या पटलावर ठेवावं, ही माझी पहिली विनंती.

ती गाडी काही एकटी नव्हती. १ एप्रिल २०२४ ला गाझात अन्नाचा साठा गोदामात उतरवून परतणारे वर्ल्ड सेंट्रल किचन या मदतसंस्थेचे सात जण मारले गेले. २३ मार्च २०२५ ला राफामध्ये जखमींना आणायला गेलेले रेड क्रेसेंटचे आठ, नागरी संरक्षण दलाचे सहा आणि संयुक्त राष्ट्रांचा एक, असे पंधरा जण मारले गेले. आठवड्याने त्यांचे मृतदेह वाळूखाली सापडले. रुग्णवाहिकांचे दिवे बंद होते, असं इस्रायली लष्कराने आधी सांगितलं. मृतांपैकी एकाच्या मोबाइलमध्ये चित्रफीत निघाली, तिच्यात दिवे लखलखताना दिसतात. गोळ्यांच्या आवाजात तो पोरगा आईची माफी मागतो. लोकांना मदत करायची वाट मी निवडली, एवढंच तिला सांगतो. मी ती चित्रफीत एकदाच ऐकली, पुन्हा ऐकवली नाही.

हे फक्त गाझात घडतं, असं माझं म्हणणं नाही. २०१५ मध्ये अफगाणिस्तानात कुंदूझच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला, ४२ माणसं गेली. ८ जुलै २०२४ ला कीव्हमधल्या मुलांच्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. सुदानमधल्या एल-फाशरच्या प्रसूती रुग्णालयात ऑक्टोबर २०२५ मध्ये ४६० हून अधिक रुग्ण आणि नातेवाईक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने कळवलं. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने एकट्या २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले. इतके आधी कुठल्याही वर्षी गेले नव्हते. मारणारे निरनिराळे आहेत, मरणारे मात्र आमच्याच धंद्यातले.

दवाखान्यात बंदूकवाले लपले होते, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. कधी ते खरंही असेल. पण युद्धात सामान्य नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने त्याचाही विचार केला आहे. रुग्णालयातून शत्रूविरुद्ध कारवाया होत असल्या तरी आधी इशारा द्यायचा, वाजवी मुदत द्यायची, आणि ऐकलं नाही तरच त्याचं संरक्षण संपतं. तेव्हाही खाटेवरचा रुग्ण आणि त्याला सलाइन लावणारी सिस्टर शत्रू ठरत नाहीत. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांना भारताने १९५० मध्येच मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला. त्या कायद्याचं तिसरं कलम सांगतं की कराराचा गंभीर भंग भारतात वा भारताबाहेर कोणीही केला तरी तो शिक्षेला पात्र आहे. मात्र न्यायालयाला त्याची दखल सरकारने तक्रार केली तरच घेता येते. म्हणजे किल्ली सरकारच्या हातात आहे. कर्नल काळे यांच्या बाबतीत ती चालते का, हे आपण विधिज्ञांकडून तपासून घ्यावं. रुग्णवाहिका आणि वैद्यकीय कर्मचारी यांना अधिक ठोस संरक्षण देणाऱ्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारापासून आपण अजून दूर आहोत. त्याचाही फेरविचार व्हावा.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. १२ जून २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझात युद्धबंदी आणि विनाअडथळा मदत मागणारा ठराव आला. १४९ देशांनी बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिला. कर्नल काळे यांना जाऊन तेरा महिने झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच हवाई दलाच्या विमानाने साडेसहा टन औषधं आणि वैद्यकीय सामान गाझासाठी इजिप्तच्या एल-अरिशला उतरवलं होतं. त्याचा मला अभिमान वाटला होता. पण औषधाचं खोकं स्वतःच्या पायाने वॉर्डात जात नाही, ते कोणीतरी गाडीत घालून न्यावं लागतं. त्या माणसाच्या जिवासाठी मत देताना आपण तटस्थ कसे राहतो, ते मला समजत नाही.

आमच्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांना १९३८ मध्ये काँग्रेसने युद्धात होरपळणाऱ्या चीनला पाठवलं. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत आलेच नाहीत. १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे. प्रशिक्षणाला आलेल्या मुलींना मी तिथे घेऊन जायचे.

त्यांच्यातलीच एक गेल्या महिन्यात घरी आली. युद्धग्रस्त भागात काम करणाऱ्या वैद्यकीय पथकासाठी तिला अर्ज करायचा आहे. सोबत आई होती. मुलगी पाणी आणायला आत गेली, तेव्हा आईने हळूच विचारलं, "सिस्टर, लाल क्रॉसच्या गाडीत असली म्हणजे काळजी नाही ना?"

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. काय सांगू, ते आपण कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर