मामाचा गुडघा, आत्यांचा गुडघा

लातूर

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

मामाला हाड कापून पाय सरळ करायला सांगितलं आणि आत्यांना अख्खा सांधा बदलायला. आजार एकच, गुडघ्याची झीज, मग कोणता डॉक्टर चुकला, असं तू फोनवर विचारलंस. दोघांचेही एक्स-रे पाहिले. कुणी चुकलेलं नाही.

मामा 49 वर्षांचा. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत फक्त आतल्या कप्प्यातली जागा संपलीय. बाहेरचा कप्पा आणि वाटीमागची जागा शाबूत आहे, गुडघा 120 अंश वाकतो. पाय धनुष्यासारखा झाल्यामुळे सगळं वजन आतल्याच गादीवर पडतं. म्हणून एचटीओ, म्हणजे हाड कापून पाय सरळ करण्याचं ऑपरेशन. त्यात नडगीचं हाड गुडघ्याखाली आतल्या बाजूने कापतात, बाहेरच्या कडेचं साधारण एक सेंटीमीटर बिजागरीसारखं ठेवतात, मग फट हळूहळू उघडून प्लेट बसवतात. घाई केली की बिजागरी तडकते. खुब्यापासून घोट्यापर्यंतची वजनाची रेषा नडगीच्या आतल्या कडेपासून रुंदीच्या साधारण 62 टक्क्यांवर यावी लागते. एक मिलिमीटर फट म्हणजे पाय एक अंश सरळ, हा हिशोब ढोबळ आहे. रुंद हाडाच्या माणसात तो कमी पडतो आणि पाय वाकडाच राहतो. म्हणून कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे लागतोच.

खरी अडचण मामाची तंबाखू. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, फट भरत नाही, मग प्लेटचे स्क्रू तुटतात. ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी आणि हाड जुळेपर्यंत, म्हणजे आणखी तीनेक महिने, पुडी बंद. तेवढं जमत नसेल तर ऑपरेशनच नको, असं मी त्याला सरळ सांगितलंय. बदल्यात स्वतःचा सांधा राहतो, निंदायला उकिडवं बसता येतं, पोतं उचलता येतं. आराम बहुधा दहाएक वर्षं मिळतो. पुढे सांधा बदलावा लागला तर जुन्या व्रणामुळे ते काम थोडं किचकट होतं, इतकंच.

अर्धा सांधा, म्हणजे फक्त झिजलेला कप्पा बदलणं, त्याला का नको? एरवी त्याच्या एक्स-रेला तोही चालला असता, चालणंही लवकर सुरू होतं. पण तो सोयाबीनची पोती वाहणारा माणूस. देशोदेशींच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा 25 वर्षांनी पूर्ण सांधे शंभरातले सुमारे 82 टिकलेले दिसले, अर्धे सुमारे 70.

दुर्बिणीतून 'साफसफाई' करून घ्या म्हणणारे भेटतील. ह्यूस्टनच्या 2002च्या चाचणीत काही रुग्णांना नुसते कातडीवर छेद देऊन शिवलं होतं, तरी त्यांचं आणि खरी साफसफाई झालेल्यांचं दुखणं सारखंच राहिलं. तो खर्च वाया.

आत्यांचं वेगळं. वय 68, तिन्ही कप्पे झिजलेत, गुडघा शेवटचे 20 अंश सरळच होत नाही. तिथे पूर्ण सांधाच. मांडीच्या हाडाचं टोक साधारण 9 मिलिमीटर कापून कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीवर धातूची ताटली, मध्ये पॉलिएथिलीनची गादी, आणि हे सगळं सिमेंटने बसवलेलं. केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागायची. साखर आधी आटोक्यात हवी, एचबीए1सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, 8 च्या खाली. किडलेला दात, लघवीचा जंतुसंसर्ग, टाचांच्या चिघळलेल्या भेगा हे सगळं आधी निस्तरायचं, कारण सांध्यात पू झाला तर अख्खा सांधा काढावा लागतो. आणि दोन्ही गुडघे एकदम नकोत. त्यांचं हृदय पाहता मधे तीन महिने जाऊ देत.

घरी आणल्यावर माणसं प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवतात. तिथेच घात होतो, गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली. दोन आठवड्यांत 90 अंश वाकायला हवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा. जमिनीवर पंगतीला बसणं आता नाही, आणि वाड्यातल्या संडासाला कमोडची खुर्ची आधीच आणून ठेव.

मामाचा लांब एक्स-रे अजून झालेला नाही. शनिवारी येशील तेव्हा औशाहून त्याला गाडीत घेऊन ये. खिसा तपासूनच बसव.

तुझी आई