मॅडम, त्या आठ अक्षरांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, बसवली. सकाळचं संकलन आटोपलं होतं, बाहेर कॅन धुण्याचा आवाज येत होता. मशीन चालू केलं, दूध संकलनाचा माझा प्रोग्रॅम उघडला आणि आदल्या संध्याकाळच्या फॅटच्या नोंदी जशाच्या तशा समोर आल्या. सचिव खांद्यामागून बघत होते. "आता तुमच्याकडनं परत नंबर घ्यायला लागणार का?" म्हणाले. म्हटलं, "नाही, त्यानं ओळखलं." परत येताना गाडीवर तुमचीच आठवण येत होती. वीस वर्षांत तुमचे आभार मी कधी धड मानलेच नाहीत, म्हणून हे पत्र.

ते उघड लिहितोय, कारण एकट्यानं सॉफ्टवेअर लिहून गावोगाव विकणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही उपयोगी पडेल. "नाव घालू नकोस" असं तुम्ही बजावलंत, ते पाळलं आहे.

2006 साल तुम्हाला आठवत असेल. दूध संकलनाचा माझा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये लिहिलेला, किंमत 6,000 रुपये. एक दिवस एका संस्थेतून फोन आला, की दरपत्रकात 6.4 फॅटला दर चुकतोय. चूक माझीच होती, दुरुस्त करायला वही काढली, तर ती संस्था माझ्या यादीतच नाही. प्रोग्रॅम एका गावात विकला होता आणि फोल्डर कॉपी होऊन तो आणखी चार गावांत चालला होता. मी कुलूप घातलं. सी ड्राइव्हचा सिरियल नंबर वाचायचा, ग्राहकानं तो फोनवर सांगायचा आणि मी त्यावरून चालू करायचा नंबर द्यायचा. तरी दोन महिन्यांनी तीच रड. तालुक्याच्या एका दुकानातून असेंबल केलेले संगणक जात होते, आणि एका नंबरवर ते सगळेच्या सगळे चालत होते. मला वाटलं, कुणीतरी कुलूप फोडलं. वही घेऊन संध्याकाळी तुमच्या लॅबमध्ये आलो.

तुम्ही कोड बघितलाच नाहीत. एक फ्लॉपी घेतलीत, फॉरमॅट केलीत, काळ्या खिडकीत व्हॉल ही डिस्कचा नंबर दाखवणारी कमांड टाइप केलीत. चार-चार अशी आठ अक्षरं आली, ती मला कागदावर लिहायला लावलीत. मग तीच फ्लॉपी पुन्हा फॉरमॅट केलीत. आठही अक्षरं बदलली.

"हा नंबर कुणी दिला?" तुम्ही विचारलंत.

"डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं," मी म्हणालो.

"मग कंपनी आत्ता इथं येऊन गेली का?"

त्या दिवशी मला कळलं, की ज्या नंबरावर मी धंदा उभा केला होता तो डिस्कचा नव्हताच. फॉरमॅट करताना त्या क्षणाची तारीख आणि वेळ यांची बेरीज करून डॉस किंवा विंडोज तो तयार करतं आणि बूट सेक्टरमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या भागात, लिहून ठेवतं. लिहिलेला नंबर पुसून दुसरा लिहिता येतो, त्यासाठी फुकट मिळणारं एवढंसं साधन आहे. त्या दुकानदारानं तर तेही केलं नव्हतं. तो एका मशीनवर विंडोज आणि माझा प्रोग्रॅम चढवायचा आणि घोस्ट नावाच्या, डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं ती डिस्क बाकीच्यांवर उतरवायचा. डिस्कबरोबर बूट सेक्टरही उतरायचा, म्हणजे माझा नंबरही. कुलूप कुणी फोडलं नव्हतं. दहा दारांना मीच एक किल्ली दिली होती.

निघताना तुम्ही वही मागितलीत. नंबरांच्या रांगेवरून बोट फिरवत एका ओळीवर थांबलात. बाकी सगळीकडे आठ अक्षरं, तिथं सात. त्या गावचा नंबर कधीच जुळायचा नाही, तीन खेपा घातल्या होत्या मी. तुम्ही म्हणालात, "याचा पहिला आकडा शून्य असणार." खरंच होतं. शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत आकडा दाखवणारं व्हिज्युअल बेसिकचं फंक्शन पुढचं शून्य गाळतं. विंडोजच्या व्हॉल कमांडमध्ये ते दिसतं, माझ्या पडद्यावर दिसत नव्हतं. सचिव एका ठिकाणचा नंबर वाचायचे आणि मी दुसऱ्या ठिकाणचा तपासायचो. तीन खेपांचं पेट्रोल त्या एका शून्यात गेलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, ती सांगतो. मी चिडलेला होतो. नंबर तीनदा चुकला तर डेटा पुसून टाकायचा, असा कोड मी लिहून तयार ठेवला होता. तुम्ही आवाज चढवलेला मला तेवढा एकदाच आठवतो. "त्या नोंदी तुझ्या आहेत का? पहाटे उठून धार कुणी काढली?" मग खुर्चीवर बसून लाहोरच्या दोन भावांची हकिकत सांगितलीत. बासित आणि अमजद फारूक अल्वी. त्यांचं वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक कॉपी करत होते, म्हणून 1986 मध्ये त्यांनी फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसणारा एक प्रोग्रॅम लिहिला, त्यात आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला. आपल्या प्रती कुठं जातात एवढंच बघायचं होतं, असं ते सांगत आले. त्या फ्लॉपी देशोदेशी गेल्या आणि पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून आज जग ब्रेनचं नाव घेतं. डेटा पुसणारा कोड मी त्याच रात्री काढून टाकला. तो तसाच राहिला असता तर कुणाच्या तरी दहा दिवसांच्या दुधाचा हिशोब माझ्या हातून गेला असता. काही संस्थांमध्ये तो नंबर टाइप करायला सभासदांची शाळकरी पोरं बसतात हो, तीनदा काय, दहादा चुकतात.

पुढचे दोन-तीन महिने तुम्ही शनिवारी मला वेळ दिलात. डिस्कचा खरा नंबर तिच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीनं आत घातलेल्या प्रोग्रॅममध्ये, असतो आणि डिस्कलाच विचारावा लागतो. विचारलं की ती 512 बाइटचं उत्तर देते, त्यात वीस अक्षरांचा सिरियल नंबर आणि चाळीस अक्षरांचं मॉडेलचं नाव. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पडद्यावर नुसता गोंधळ होता, स्टिकरवरच्या नंबरशी काही जुळेना. तुम्ही डिस्क उलटी करून स्टिकर माझ्यासमोर धरलंत आणि म्हणालात, जोडीजोडीनं वाच. अक्षरांच्या जोड्या उलट्या येत होत्या. दुसरं आधी, पहिलं नंतर.

मला वाटलं, झालं, आता पक्कं कुलूप. तुम्ही तेही मान्य केलं नाहीत. डिस्क मेली म्हणजे ग्राहकही मेला का, म्हणालात. मग मदरबोर्डचा नंबर बघू म्हटलं, तर असेंबल केलेल्या मशीनवर त्या जागी "टू बी फिल्ड बाय ओईएम" एवढंच लिहिलेलं, म्हणजे जागा भरायची राहूनच गेलेली, आणि ती प्रत्येक मशीनवर तशीच. प्रोसेसरचा आयडी एका मॉडेलच्या सगळ्या प्रोसेसरना सारखाच. 1999 मध्ये इंटेलनं पेंटियम 3 ला खरा स्वतंत्र नंबर दिला होता, पण माणसांवर पाळत ठेवायला तो वापरतील म्हणून एवढी ओरड झाली, की पुढच्या प्रोसेसरमधून तो गेला. नेटवर्क कार्डचा पत्ता बदलता येतो, आणि इंटरनेटचं डोंगल लावलं की यादीत भलताच पत्ता पहिला येतो.

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी आजही नव्या पोरांना तसंच सांगतो. एका साक्षीदारावर ओळख पटवू नये, पंच बसवावेत. मीही पाच खुणा घेतल्या, त्यांतल्या तीन जुळल्या तर मशीन तेच. 2001 च्या विंडोज एक्सपीतही हेच तत्त्व होतं. दहा गोष्टी टिपून घ्यायच्या आणि एखाददुसरी बदलली तर चालवून घ्यायचं. परवा एसएसडी बसवली तेव्हा डिस्कचा पंच फिरला, बाकीच्या चौघांनी ओळख दिली.

एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तरी मी आभार मानलेच असते. पण तुम्ही आणखी एक प्रश्न विचारलात. "बॅकअप कुठं घेतात रे ही माणसं?" मी म्हणालो, डी ड्राइव्हवर. तुम्ही कपाळाला हात लावलात. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग, डिस्क गेली की दोन्ही गेले. विंडोजला ड्राइव्हचा प्रकार विचारला तर डी ला ते "फिक्स्ड" म्हणतं आणि यूएसबीवरच्या मोठ्या हार्ड डिस्कलाही "फिक्स्ड"च म्हणतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. तुम्ही म्हणालात, "डिस्क ओळखायचा कोड तुझ्याकडं आहेच. तो चोर पकडायला लिहिलास, आता जरा त्यांच्यासाठी वापर." त्या महिन्यापासून माझा प्रोग्रॅम बॅकअप घेताना बघतो, की ज्या डिस्कवर डेटा आहे तिच्यावरच तो पडतोय का. पडत असेल तर घेत नाही, पेन ड्राइव्ह मागतो. सचिव लोक वैतागले. एकानं मला सुनावलंसुद्धा, की पैसे घेऊन वर अडवणूक करता. तरी मी ती अट काढली नाही. दिवसाच्या शेवटी पेन ड्राइव्ह काढून शर्टाच्या खिशात टाकायची सवय मग सगळ्यांना लागली.

आणि ते पाकीट. तुम्ही निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे निघालात तेव्हा म्हणालात, "तुला काही झालं तर या संस्थांनी कुणाकडं जायचं?" नंबर तयार करणारा प्रोग्रॅम सीडीवर घालून, पाकीट चिकटवून तुमच्याकडे ठेवायला लावलंत. मला तेव्हा ते जरा अशुभ वाटलं होतं. दर नव्या आवृत्तीला नवं पाकीट पाठवत राहिलो, एवढंच.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद. माझ्या घराचा खालचा मजला पाण्यात, वीज नाही, आणि मोबाइलमध्ये उरलेल्या चार्जिंगवर आलेले फोन सगळे एकाच गोष्टीचे. संस्थेचा संगणक पाण्याखाली गेलाय, खिशात पेन ड्राइव्ह आहे, कुणाच्या तरी लॅपटॉपवर प्रोग्रॅम चढवलाय आणि तो म्हणतोय "अनधिकृत प्रत". साहजिक होतं. लॅपटॉप नवा, पाचांपैकी एकही पंच ओळखत नव्हता. 1 ते 10 तारखेचं दूधबिल निघायचं होतं आणि लोकांच्या हातात रोकड नव्हती. मी तुम्हाला एकच फोन केला. "मॅडम, पाकीट फोडा."

पुढचे चार दिवस तुम्ही काय केलंत ते मला नंतर सचिवांकडून कळलं. अकरा संस्था. शेजाऱ्यांच्या मुलाकडून सीडी ड्राइव्ह असलेला जुना संगणक मागवलात आणि दिवसभर फोनवर अक्षरं लिहून घेतलीत. बी, डी आणि ई फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून तुम्ही सगळ्यांना "बी बटाट्याचा, डी डाळिंबाचा, ई इमलीचा" असं बोलायला शिकवलंत. तो प्रकार इकडं अजून चालतो, माझ्याकडं कामाला आलेला नवा मुलगाही तसंच बोलतो. एका सचिवांना नंबर द्यायच्या आधी तुम्ही विचारलंत, "जेवलात का?" ते छावणीत होते. ही गोष्ट त्यांनी मला तीन वेळा सांगितली आहे.

पूर ओसरल्यावर मी कुलूप पुन्हा लिहिलं. आता नव्या मशीनवर ओळख पटली नाही तरी तीस दिवस सगळं चालतं, आणि त्यानंतरही जुन्या नोंदी बघणं, छापणं, बाहेर काढणं कधीच बंद होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही रीतसर प्रत असणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत ठेवायची मुभा आहे. हे तुम्ही मला 2006 मध्येच सांगितलं होतं, मी फक्त अर्धं ऐकलं होतं. त्या चुकीबद्दल माफी मागतो. आता माझं सॉफ्टवेअर थोडंफार कॉपी होतं, हे मला माहीत आहे. तीस दिवसांनी त्यातले बरेच जण फोन करतात आणि पैसे देतात. त्यावर घर चालतं.

नवं पाकीट सोबत पाठवलं आहे. या वेळी सीडीऐवजी दोन पेन ड्राइव्ह आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. जुनं पाकीट फाडून टाका. आणि ते छावणीतले सचिव निरोप देतात, की म्हैस व्यायलीय, रविवारी पुण्याला येणाऱ्या मुलाकडून तुमच्यासाठी चीक पाठवतायत. खरवस घरीच करा, त्यांनी आठवणीनं सांगितलंय.

आपला विद्यार्थी,
सांगली